धक्क्यावरचे ग्राहक

क्लाक्सविकच्या दवाखान्यात सुन्नवा सुई टोचते
होग्नीच्या अंगठ्यालगतच्या मांसात,
जिथे आता मांस कमी, खळगाच जास्त.
"हात सैल सोडा," ती म्हणते.
तो हसतो. सैल सोडायला
धरलंय कुणी?

सत्तावीस दिवस झाले.
जाळं ओढणारी तार तुटली आणि कोपरात शिरली.
बोटीवरच्यांना आधी फक्त
त्याची टोपी उडालेली दिसली.

स्पीकर चालू आहे.
त्याला वाटलं होतं, मेलेला स्नायू गप्प असेल.
पण टिक्, टिक्, टिक्...
गॅस बंद केल्यावरही तेलात
एखादी मोहरी तडतडत राहावी, तसं.
"हे मी करत नाहीये," तो घाईनं म्हणतो,
कुणी आळ घेतल्यासारखा.
"माहीत आहे. कुणीच करत नाहीये."

मग ती त्याला त्याच्या भाषेत सांगते, म्हणजे बोटींच्या.

प्रत्येक तंतूला एकच धक्का असतो.
चेता तिथे लागते, माल उतरवते,
आणि ग्राहक सगळे तिथेच,
खांद्याला खांदा लावून, एवढ्याशा जागेत हजारोंनी.
बाकीचा किनारा ओस.
तिकडे कोण कशाला उभं राहील?

मग एक दिवस बोट येत नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
आठवडा उलटतो, आणि किनाऱ्यावर
इकडे एक, तिकडे चार,
शेवाळलेल्या खडकांवर,
जिथे कधी कुणी एक मासाही विकला नाही
तिथेसुद्धा लोक येऊन उभे राहतात.

आणि हे नवखे नव्हेत.
तू आईच्या पोटात होतास,
पहिली बोट अजून लागायची होती,
तेव्हा किनाराभर उभे होते ते हेच.
धक्का बांधला गेला, तसे निघून गेले होते.
आता परत आलेत, जुन्याच खोडीचे:
पिशवी एकदा उघडली
की लवकर मिटत नाहीत.

"म्हणजे हावरे," होग्नी म्हणतो.
सुन्नवा सुई काढून कापूस दाबते.
"हावरे म्हणा. रिपोर्टात मी वेगळं लिहिते."

बाही खाली करताना तो, तिच्याकडे न बघता:
"बिल्ला गेली त्या हिवाळ्यात
मला शेजारच्यांचा फ्रिज ऐकू यायचा. भिंतीतून."
सुन्नवा काहीच बोलत नाही.
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

तोर्शाव्हनला, शस्त्रक्रियेच्या सकाळी,
भूल देणारी डेन्मार्कची बाई विचारते,
"जखमेला किती दिवस?"
"चाळीसेक."
ती कागदावरचं एक औषध खोडते.
ते औषध बोटीचा भोंगा हुबेहूब वाजवतं.
धक्क्यावर वाजला तर ठीक;
पण सगळा किनारा एकदम पिशव्या उघडून बसला
तर आतलं पोटॅशियम रक्तात धो धो,
आणि हृदय मध्येच थांबायचं.
"एका हाताचा किनारा लहानच," ती म्हणते,
"पण मी पत्ते खेळत नाही."

चेता शिवली. केसाहून बारीक दोरा.
नंतर दिवसाला एक मिलिमीटर,
तेही शिवणीचं मन असेल तर.
होग्नी स्वयंपाकघरातल्या दाराच्या चौकटीवर
पेन्सिलीनं खुणा करतो.
त्याच चौकटीवर मुलीच्या उंचीच्या खुणा आहेत,
नऊ वर्षांपर्यंतच्या.
मध्ये दोन महिने तो विसरतो.
मग अंदाजानं भरून काढतो.

पुढच्या सप्टेंबरात, मंगळवारी, पुन्हा तीच खोली.
अंगठा अजून चिमूट धरत नाही.
सुई. स्पीकर.
बराच वेळ काही नाही.
"आता जोर लावा," सुन्नवा म्हणते. तो लावतो, दातओठ खाऊन,
आणि लांबून एक ठोका येतो,
बेढब, उशिरा, बोट धक्क्याला आपटावी तसा.
"ही तुमची," ती म्हणते. "ही तुम्हीच केलीत."

तो ठोक्यांच्या मधलं ऐकतो.
टिकटिक नाही.
कुणी हाकलल्याशिवायच
खडक रिकामे झालेत.
एवढे दिवस उभे होते बिचारे,
त्याला वाटून जातं,
निदान सांगून तरी जायचं.